इझाबेल द क्लेअर: लेन्स्टरची वारसदार, तिचं लग्न आणि पाच मुलींत झालेली वाटणी

पोथीवाचक

इझाबेल द क्लेअरवर (जन्म सुमारे ११७२, मृत्यू १२२०) मराठीत एक सविस्तर नोंद लिहायला घेतली आहे. तिचा नवरा विल्यम मार्शल, पुढे इंग्लंडचा राज्यपालक झालेला सरदार, याच्याबद्दल ढिगाने मजकूर मिळतो. तिच्याबद्दल मात्र ‘मोठी वारसदार, विल्यमची बायको, दहा मुलांची आई’ यापलीकडे कुणी जात नाही. ती स्वतः काय होती, तिच्या नावावर काय होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे नोंदीत नीट यायला हवं. अडलेले मुद्दे असे:

आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत तिला आईकडून आला की बापाकडून? लग्नानंतर जमीन कायद्याने कुणाची? १२१९ मध्ये विल्यम वारला तेव्हा थोरल्या मुलाला सगळं का मिळालं नाही? १२०७-०८ मध्ये आयर्लंडमध्ये तिने किल्ला लढवला असं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि पाच मुलगे असताना इस्टेट शेवटी मुलींच्या घरांत कशी गेली?

जाणकारांनी सवडीने लिहावं. तारखा-आकड्यांसकट असेल तर फार बरं.

दफ्तरदार

आधी लेन्स्टरचा घोळ निस्तरू, कारण बहुतेक ठिकाणी तो तसाच उतरवून घेतलेला असतो.

लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला ११६६ मध्ये राज्याबाहेर हाकललं गेलं. परत यायला फौज हवी होती. ती देण्याच्या बदल्यात त्याने रिचर्ड द क्लेअर या इंग्लंडच्या सरदाराला (हाच ‘स्ट्राँगबो’, इझाबेलचा बाप) आपली मुलगी ईफा आणि आपल्यामागे लेन्स्टर, असं दोन्ही कबूल केलं. ऑगस्ट ११७० मध्ये वॉटरफर्ड पडलं आणि त्याच सुमारास तिथेच लग्न लागलं. मे ११७१ मध्ये डर्मट वारला. इथवर सगळे बरोबर लिहितात आणि पुढे ‘म्हणून लेन्स्टर ईफाकडून इझाबेलला मिळालं’ असं ठोकून देतात. आयरिश कायद्यात राजपद मुलीच्या वाटेने जावयाकडे जातच नसे. भाऊबंदांतल्या पात्र पुरुषांमधून राजा ठरे, त्यामुळे लग्नावर आधारलेला हा दावा आयरिश बाजूला मान्य असण्याचा प्रश्नच नव्हता.

खरी सनद दुसरीकडून आली. आपल्याच एका सरदाराने समुद्रापलीकडे स्वतंत्र राज्य थाटावं हे इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याला चालणार नव्हतं. ऑक्टोबर ११७१ मध्ये तो फौजेसह आयर्लंडला उतरला. स्ट्राँगबोने डब्लिन आणि किनाऱ्यावरची शहरं राजाच्या हवाली केली आणि लेन्स्टर शंभर नाइटांच्या सेवेच्या अटीवर जहागीर म्हणून परत घेतलं. इझाबेलला जे मिळालं ते हे, बापाच्या बाजूने आलेलं आणि इंग्लंडच्या राजाकडून धरलेलं. आईकडून तिला राजरक्ताचा मान मिळाला, आणि तोही काही कमी नव्हता. पण नोंदीत ‘आईकडून मिळालेलं राज्य’ असं लिहू नका.

तिच्या नावावरची बाकीची मालमत्ता अशी. वेल्सच्या सीमेवर स्ट्रिगिल, म्हणजे आजचं चेपस्टो. वाय नदीच्या कड्यावरचा किल्ला आणि त्याला जोडलेल्या पासष्टच्या वर नाइट्स फी (एका नाइटच्या सेवेच्या बदल्यात धरलेली जमीन म्हणजे एक फी). शिवाय गिफर्ड घराण्याच्या इस्टेटीवरचा दावा. त्यातलं अर्धं, नॉर्मंडीतलं लाँगव्हील आणि बकिंगहॅमशरमधलं लाँग क्रेंडन, रिचर्ड पहिला याने ११८९ मध्ये विल्यमला दोन हजार मार्क नजराण्यावर दिलं. उरलेलं अर्धं हर्टफर्डच्या क्लेअर शाखेला गेलं.

पेम्ब्रोक या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. तिचा आजोबा गिल्बर्ट ११३८ मध्ये पेम्ब्रोकचा अर्ल झाला, पण स्ट्राँगबोला हेन्रीने ते अर्लपद मानलं नाही. ते परत दिलं जॉन राजाने, ११९९ मध्ये. त्यामुळे ११८९ च्या लग्नाच्या वर्णनात तिला ‘पेम्ब्रोकची काउंटेस’ म्हणणं चूक आहे. दहा वर्षं आधीची पदवी होते ती.

आता पालकत्व. स्ट्राँगबो एप्रिल ११७६ मध्ये डब्लिनला वारला. वारस इझाबेल नव्हती, तिचा धाकटा भाऊ गिल्बर्ट होता. तो अज्ञान असतानाच सुमारे ११८५ मध्ये गेला आणि त्यानंतर ती एकटी वारस उरली. राजाकडून थेट जमीन धरणाऱ्याचा वारस अज्ञान असेल, किंवा मुलगी असून तिचं लग्न व्हायचं असेल, तर राजाकडे दोन गोष्टी येत: जमिनीचं उत्पन्न आणि लग्न ठरवण्याचा हक्क. दोन्हींची सर्रास विक्री होई किंवा चाकरीचं बक्षीस म्हणून ती वाटली जात. विल्यमचंच उदाहरण घ्या. ११८६ मध्ये हेन्रीने त्याला लँकेस्टरच्या हेलोइजचं पालकत्व दिलं, केंडलची वारसदार. त्याने तिच्याशी लग्न केलं नाही. ११८८ मध्ये शातोरूची वारसदार डेनिस कबूल केली. ११८९ मध्ये तीही मागे पडली आणि इझाबेलचं नाव पुढे आलं. जुलै ११८९ मध्ये हेन्री वारला आणि रिचर्डने बापाचा शब्द पाळला. तीन वर्षांत तीन मुलींची नावं एका माणसापुढे ठेवली गेली, यावरून वारसदार मुलीच्या मर्जीला किती जागा होती ते कळतं.

लग्नापूर्वी इझाबेल लंडनच्या टॉवरमध्ये होती, जस्टिशियर (राजाचा मुख्य न्यायाधिकारी) रॅनल्फ द ग्लॅनव्हिलच्या ताब्यात, आणि त्याने तिला सोडायला खळखळ केली. ऑगस्ट ११८९ मध्ये लंडनला लग्न झालं. खर्च रिचर फिट्झरेनर या शहरातल्या बड्या असामीने केला. नंतर जोडपं सरेमधल्या स्टोक डॅबरनन इथे जाऊन राहिलं. तिचं वय सतरा-अठरा, त्याचं चाळिशी उलटलेलं. तो घरातला चौथा मुलगा, स्वतःची जमीन नावापुरती. ही लग्नगाठ पडली नसती तर मार्शल हे नाव कुठल्या तरी दरबारी जमाखर्चातच राहिलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तळटीप

दफ्तरदारांच्या उत्तराला दोन जोड.

एक, लग्नानंतरची मालकी. वारसदार बायकोची जमीन नवऱ्याच्या नावाने चाले. सरदारांची शपथ तो घेई, न्यायालय तो भरवी, राजाला सेवा तो देई. मूळ हक्क मात्र तिच्या रक्तात राही आणि तिच्याच मुलांकडे जाई. नवऱ्याला दुसऱ्या बायकोपासून मुलगा झाला तरी त्याचा या जमिनीशी काहीही संबंध नाही. एक जिवंत मूल झालं असेल आणि बायको आधी वारली, तर नवऱ्याला ती जमीन हयातभर धरता येई. मूल जन्मून रडल्याचं चार भिंतींच्या आत ऐकू आलं पाहिजे, असा पुरावा त्या काळी मागत. मूल झालंच नाही तर बायकोबरोबर जमीनही गेली.

विल्यम आधी वारला, १४ मे १२१९ ला, कॅव्हरशमला. त्यामुळे चेपस्टो, लेन्स्टर, लाँगव्हील यांतलं काहीच त्या दिवशी थोरल्या विल्यमकडे आलं नाही. ते आईचं होतं आणि आई हयात होती. मुलाला लगेच मिळालं ते बापाकडचं: बर्कशरमधलं हॅमस्टेड मार्शल वगैरे, आणि घराण्यात चालत आलेलं मार्शलचं दरबारी पद. आई १२२० मध्ये गेली तेव्हा बाकीचं आलं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण चरित्रकार ते एका वाक्यात उरकतात आणि वाचकाला वाटतं की बापाची इस्टेट मुलाकडे यायची वर्षभर अडकली होती.

दोन, नावं. या कुटुंबात इझाबेल नावाचा सुकाळ आहे आणि वंशावळीत हमखास गफलत होते. स्ट्राँगबोची आई इझाबेल द बोमाँ. मग आपली इझाबेल द क्लेअर. तिची मुलगी इझाबेल मार्शल. त्या मुलीची मुलगी पुन्हा इझाबेल द क्लेअर, कारण इझाबेल मार्शलने १२१७ मध्ये गिल्बर्ट द क्लेअरशी लग्न केलं, आणि तो हर्टफर्ड शाखेतला, म्हणजे सासूच्याच दूरच्या भाऊबंदांतला. ही नात रॉबर्ट ब्रूसची बायको, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट पहिला याची आजी. आजी-नातीचं नाव अक्षरशः एकच असल्यामुळे संगणकावरच्या वंशावळींत आजीचा नवरा नातीला चिकटवलेला हमखास दिसतो. जॉन राजाची पहिली बायको ग्लॉस्टरची इझाबेल, ती या सगळ्यांहून वेगळी. प्रत्येकीपुढे जन्माचं किंवा मृत्यूचं वर्ष टाकल्याशिवाय नाव लिहूच नका.

पोथीवाचक

फारच उपयोगी. एक शंका: १२१९ मध्ये ती विधवा झाली, हाताशी एवढी जमीन. राजा अज्ञान, दरबारात हावरे सरदार. तिला पुन्हा कुणाच्या गळ्यात कसं बांधलं नाही?

दफ्तरदार

१२१५ च्या मॅग्ना कार्टामुळे, म्हणजे सरदारांनी जॉन राजाकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदेमुळे. सातव्या कलमाप्रमाणे नवरा गेल्यावर विधवेला तिचा स्वतःचा वारसा आणि लग्नात मिळालेली जमीन विनाविलंब, काही पैसे न भरता मिळायला हवी, आणि नवऱ्याच्या घरात चाळीस दिवस राहता यायला हवं, तेवढ्यात तिचा हिस्सा मोजून द्यायचा. आठव्या कलमाप्रमाणे नवऱ्यावाचून राहायचं असेल तोवर तिच्यावर लग्नाची सक्ती नाही. मात्र धन्याच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही अशी हमी तिने द्यायची. सहावं कलम वारसांबद्दल: लग्न लावताना त्यांच्याहून हलक्या घरी द्यायचं नाही. याआधी सधन विधवा राजाला मोठमोठ्या रकमा भरून ‘लग्न न करण्याची’ परवानगी विकत घेत. जॉनच्या काळात हे फार माजलं होतं.

कार्टाची सुधारित प्रत नोव्हेंबर १२१६ मध्ये निघाली ती राज्यपालक या नात्याने विल्यम मार्शलच्याच शिक्क्याने. तीन वर्षांच्या आत त्याची स्वतःची विधवा त्या कलमांच्या छत्राखाली आली. नोंदीत हे जरूर घ्या.

विधवा म्हणून ती गप्प बसली नाही. नॉर्मंडी १२०४ मध्ये फ्रान्सच्या ताब्यात गेली तेव्हा विल्यमने पाचशे मार्क भरून मुदत घेतली आणि पुढे फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याला शपथ वाहून लाँगव्हील राखलं होतं. ती शपथ विल्यमबरोबर संपली. जमीन वाचवायची तर नव्याने बोलणी करणं भाग होतं, आणि ती इझाबेलने फिलिपशी केली. लाँगव्हील आणि नॉर्मंडीतलंच ऑर्बेक दुसऱ्या मुलाकडे, रिचर्डकडे गेले. थोरला इंग्लंडमध्ये, दुसरा फ्रान्समध्ये. दोन राजांच्या भांडणात एकाच माणसाला दोन्हींकडे चाकरी करावी लागू नये म्हणून केलेली ही मांडणी आहे.

गडकरी

१२०७-०८ बद्दल लिहितो. मुख्य आधार म्हणजे विल्यमच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने लिहवून घेतलेलं १९,२१४ ओळींचं फ्रेंच चरित्रकाव्य. ते घरचं आहे, तेव्हा मार्शल मंडळींची बाजू त्यात उजळ असणारच. पण साक्षीदार जवळचे होते, खासकरून विल्यमचा जुना चाकर जॉन ऑफ अर्ली, आणि घटनांचा क्रम राजाच्या कागदपत्रांशी बऱ्यापैकी जुळतो.

पार्श्वभूमी: विल्यम १२०७ च्या सुरुवातीला, जॉनच्या मनाविरुद्ध, लेन्स्टरला जाऊन राहिला. थोरला मुलगा आधीच राजाकडे ओलीस होता, आता दुसराही मागून घेतला गेला. काव्यात इझाबेलचा याला विरोध नोंदवलेला आहे. आयर्लंडचा जस्टिशियर मेयलर फिट्झहेन्री याची स्वतःची जमीन लेन्स्टरमध्ये होती, म्हणजे राजाचा अधिकारी म्हणून तो वरचढ आणि जमीनदार म्हणून विल्यमचा ताबेदार. संघर्षाचं मूळ तिथे आहे. तो केवळ जॉनच्या लहरीवर ढकलला की अर्धी गोष्ट हातची जाते.

१२०७ च्या शरदात राजाने दोघांनाही इंग्लंडला बोलावलं. विल्यमला सापळा दिसत होता, पण न जाणं म्हणजे बंड. इझाबेल गरोदर होती आणि ती मागे राहणार होती. निघण्यापूर्वी त्याने किलकेनीच्या किल्ल्यात लेन्स्टरचे सरदार गोळा केले आणि तिला हाताला धरून त्यांच्यापुढे आणलं. त्याच्या बोलण्याचा गाभा असा: ही तुमची जन्मजात स्वामिनी आहे, ज्या अर्लने ही भूमी जिंकून तुम्हाला जमिनी दिल्या त्याची ही मुलगी. मला इथे जे काही आहे ते हिच्यामुळे. हिला जपा. त्या भूमीतला त्याचा अधिकार कुठून आला हे त्याने स्वतः, भर सभेत सांगितलं. इस्टेट ‘विल्यमची’ म्हणणाऱ्यांना एवढा एक प्रसंग पुरे.

कारभार पाहायला त्याने जॉन ऑफ अर्ली, जॉर्डन द सॅकव्हिल आणि स्टीफन देव्ह्रू यांना ठेवलं. त्याची पाठ वळते न वळते तोच मेयलरच्या माणसांनी न्यू रॉसवर घाला घातला. कोठारं जाळली, माणसं मारली. पुढे राजाने अर्ली, सॅकव्हिल आणि देव्ह्रू यांना फर्मान धाडलं: ठरलेल्या मुदतीत इंग्लंडला या, नाहीतर तिथल्या जमिनी जप्त. तिघांनी जमिनी गमावायची तयारी ठेवली, पण काउंटेसला सोडलं नाही.

किलकेनीला वेढा पडला होता. इझाबेलने एका माणसाला तटावरून दोराने खाली उतरवून अर्लीकडे निरोप धाडला. ‘किल्ला लढवला’ हा जो काही भाग आहे तो हा. हातात तलवार वगैरे चित्रं मागाहूनची आहेत, नोंदीत नकोत. वेढ्यात अडकलेला किल्ला टिकतो तो आतला अधिकारी वाटाघाटीला बळी पडत नाही आणि बाहेरच्या फौजेला वेळेवर खबर लागते म्हणून. तिने दोन्ही गोष्टी केल्या आणि त्याला तलवारीची गरज नव्हती.

अल्स्टरचा अर्ल ह्यू द लेसी मदतीला आला. मेयलर पकडला गेला, मुलगा ओलीस द्यावा लागला. तिकडे समुद्र खवळलेला, जहाजं येत नव्हती. जानेवारी १२०८ मध्ये गिल्डफर्डला जॉनने विल्यमला सांगितलं की काउंटेस वेढ्यात सापडली, आणि वर धडधडीत खोटं ठोकलं की त्याचे विश्वासू मारले गेले. खरी बातमी काही आठवड्यांनी पोचली. मग राजाने पवित्रा बदलला आणि २८ मार्च १२०८ ला लेन्स्टरची नवी सनद दिली, तीच शंभर नाइटांची सेवा, मात्र काही गंभीर गुन्ह्यांचे खटले आणि चर्चच्या जमिनी राजाकडे राखून. विल्यम परतल्यावर त्याने फितूर सरदारांना बऱ्यापैकी माफी दिली. काव्य सांगतं की काउंटेसला ती पसंत नव्हती, तिच्या मनासारखं झालं असतं तर शिक्षा कडक झाली असती.

पोथीवाचक

न्यू रॉस आणि किलकेनीचे हे तपशील मराठीत कुठेच नव्हते. आता वाटणीचं कुणी समजावेल का? ‘पाच मुलींना पाचवा हिस्सा’ असं वाचलं, पण १२४७ पर्यंत त्यातल्या हयात किती होत्या?

हिशेबनीस

एकच. मॉड.

क्रमाने पाहा. पाच मुलगे, पाचांची लग्नं झाली, एकालाही वैध अपत्य नाही. इंग्लिश प्रथेप्रमाणे भावामागे भाऊ वारस होत गेला. विल्यम एप्रिल १२३१ मध्ये वारला. रिचर्ड १२३४ मध्ये किल्डेअरच्या ‘करा’ (Curragh) नावाच्या माळरानावर जखमी होऊन किलकेनीला वारला. गिल्बर्ट जून १२४१ मध्ये हर्टफर्डजवळच्या झुंजीच्या खेळात घोड्यामुळे मेला. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये गुडरिचला, आणि अँसेल्म महिन्याच्या आतच, चेपस्टोला. मॅथ्यू पॅरिस हा बखरकार याचं कारण फर्न्सच्या बिशपचा शाप सांगतो. बाप विल्यमने बिशपची दोन गावं बळकावली होती, असा तो वाद. शापाची कथा नोंदीत द्या, पण बखरकाराची म्हणून द्या.

मुलगे संपले की मुली, आणि मुलींमध्ये थोरलेपणाचा नियम नाही: सगळ्या समान. एखादी वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या मुलांना. तिला मुलगा असेल तर सगळा त्याला, फक्त मुली असतील तर त्यांच्यात पुन्हा समान तुकडे. १२४७ ची वाटणी या नियमाने झाली.

मॉड (थोरली, आधी बिगॉड, मग वॉरेन घरात): अखंड एक पंचमांश. चेपस्टो, आयर्लंडमध्ये कार्लो. मार्शलचं पद तोडता येत नाही म्हणून तेही थोरलीला. तिच्याकडून ते बिगॉड मुलाकडे गेलं.

इझाबेल (मृत्यू १२४०): मुलगा रिचर्ड द क्लेअर, ग्लॉस्टरचा अर्ल. अखंड पंचमांश, आयर्लंडमध्ये किलकेनी.

सिबिल: नवरा विल्यम द फेरर्स, सात मुली. पंचमांशाचे सात तुकडे, प्रत्येकीला पस्तिसावा हिस्सा, आयर्लंडमध्ये किल्डेअर.

ईवा (मृत्यू १२४६): नवरा विल्यम द ब्रोज, ज्याला वेल्सच्या लुएलिनने १२३० मध्ये फाशी दिलं. चार मुली. थोरली इझाबेला लवकरच निपुत्रिक वारली, तेव्हा प्रत्यक्षात तिघींना प्रत्येकी पंधरावा हिस्सा. आयर्लंडमध्ये डनमेझ. या मुली बापाच्याही वारस होत्या, त्यामुळे दोन्हीकडची जमीन घेऊन त्या मॉर्टिमर, बोहुन आणि कँटिलूप घरांत गेल्या. मॉर्टिमरांचं पुढचं वैभव इथून सुरू होतं.

जोन: मुलगा जॉन द मन्शेन्सी १२४७ मध्येच वारला, म्हणून सगळा हिस्सा त्याच्या बहिणीला. तिचं लग्न राजाचा सावत्र भाऊ विल्यम द व्हॅलन्स याच्याशी त्याच वर्षी लागलं. पेम्ब्रोक, गुडरिच, वेक्सफर्ड.

म्हणजे एकूण सहवारस: १ + १ + ७ + ३ + १ = १३.

लेन्स्टरच्या वाटणीत प्रत्येक पंचमांशाचं वार्षिक उत्पन्न सुमारे ३४३ पौंड धरलं होतं. सिबिलच्या सात मुलींना म्हणजे प्रत्येकी साधारण ४९ पौंडांचा तुकडा. एक संबंध प्रांत, ज्याच्यासाठी राजाने सनदा लिहिल्या, तो तीस वर्षांत एका मध्यम जमीनदाराच्या उत्पन्नाच्या आकाराचा झाला. लेन्स्टरमधली इंग्रजी सत्ता पुढे ढिली पडली त्याचं एक मोठं कारण मी या वाटणीत धरतो: बहुतेक मालक इंग्लंडमध्ये राहणारे, तिकडचं उत्पन्न इकडे ओढणारे, आणि सगळ्या प्रांताच्या संरक्षणाला जबाबदार असा एकही नाही.

वाटणीत आणखी एक पाचर होती, नवऱ्याच्या जमिनीत विधवांचा तहहयात तृतीयांश. थोरला मुलगा विल्यम याची विधवा एलिनॉर, राजा हेन्री तिसरा याची बहीण, १२३८ मध्ये सिमोन द माँफर्टची बायको झाली. आयर्लंड-वेल्समधल्या तिच्या हिश्श्याऐवजी वर्षाला ४०० पौंड ठरले होते. ही रक्कम कमी आहे हा त्या नवरा-बायकोचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला आणि माँफर्ट-राजा वैरात त्याने तेल ओतलं. वॉल्टरची विधवा मार्गारेट, जी स्वतःच लिंकनची काउंटेस होती, तिच्या हिश्श्यात किल्डेअर आलं. सातही बहिणींच्या नावावर किल्डेअर आणि ताबा मात्र मामीकडे, अशी स्थिती १२६६ मध्ये मार्गारेट वारेपर्यंत राहिली. वाटणीचा तक्ता कराल तेव्हा ‘हक्क’ आणि ‘ताबा’ असे दोन रकाने करा, एका रकान्यात हे मावणार नाही.

तळटीप

हिशेबनीसांना +१. बाप विल्यमच्या मृत्युशय्येवरची तजवीजही घ्या, इस्टेटीचे कोणते भाग त्याच्या हातात होते ते त्यातून दिसतं. धाकट्या अँसेल्मला तो काहीच ठेवणार नव्हता, स्वतःच्या हिमतीवर कमवेल म्हणून. अर्लीने रदबदली केल्यावर आयर्लंडमधली १४० पौंड उत्पन्नाची जमीन दिली. जोनचं लग्न व्हायचं होतं, तिला वर्षाला तीस पौंडांची जमीन आणि दोनशे मार्क रोख. हीच जोन, जिच्या मुलीकडे पुढे अख्खं पेम्ब्रोक आलं.

पोथीवाचक

तारखा आणि पैशांचं काही पथ्य? आणि तिची समाधी कुठे आहे?

दफ्तरदार

पैसे: मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं. १ मार्क = १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे दोन तृतीयांश पौंड. दोन हजार मार्क म्हणजे १,३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. मार्क आणि पौंड एकाच तक्त्यात न बदलता टाकले की सगळी तुलना फसते.

तारखा: इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळे गिल्डफर्डची जानेवारी १२०८ तिथल्या गणनेत १२०७ येईल. जॉनची राज्यवर्षं याहून तापदायक, कारण ती स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजत आणि तो सण ईस्टरबरोबर दरवर्षी सरकतो. एखादा दिवस एका राज्यवर्षात दोनदा येतो, एखादा येतच नाही. ‘जॉन, नववं वर्ष’ असं दिसलं तर त्या वर्षाची सुरुवात पाहूनच इसवी सन लिहा.

समाधी: विल्यम लंडनच्या टेंपल चर्चमध्ये आहे, इझाबेल वेल्समधल्या टिंटर्न मठात. वॉल्टर, अँसेल्म आणि मॉड तिथेच. १२४८ मध्ये मॉडची तिरडी तिच्या चार मुलांनी खांद्यावर घेऊन मठात नेली. आयर्लंडमध्ये वेक्सफर्डलाही एक टिंटर्न आहे, समुद्रात वादळात सापडल्यावर केलेल्या नवसातून विल्यमने बांधलेलं. दोघांची अदलाबदल करू नका.

गडकरी

लेखाला चित्र हवं असेल तर लोक सरसकट डॅनियल मक्लीसचं १८५४ चं ‘स्ट्राँगबो आणि ईफाचं लग्न’ लावतात. ते चित्र आईबापांच्या लग्नाचं आहे, इझाबेलचं नाही. ईवाची कोरीव प्रतिमा ॲबर्गव्हेनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे, मुलींच्या विभागाला ती चालेल. खुद्द इझाबेलसाठी मी चेपस्टोचे लाकडी दरवाजे सुचवीन. लाकडाच्या वर्तुळांवरून ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरले आहेत, बाहेरून लोखंडी पत्रे मारलेले, आतून लाकडी पट्ट्यांची जाळी. १९६२ पर्यंत मुख्य दारालाच होते, आता किल्ल्यात आत ठेवलेत. तिच्या काळातली, तिच्याच किल्ल्यातली वस्तू आहे ती.